गंजलेली एमजीबी उभी करताना: आधी सिल, मग बाकी सगळं

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. ब्रिटनमध्ये राहता आणि स्वतःच्या हाताने जुनी स्पोर्ट्स कार उभी करायची हौस आहे, तर पहिली गाडी म्हणून हीच घ्या. जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो, इंजिन साधं आहे आणि बोनेट उघडल्यावर हात घालायला भरपूर जागा आहे.

अडचण पत्र्याची आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही. आधीच्या एमजीएला होती, हिच्यात पत्र्याची पेटीच सगळा भार पेलते. रोडस्टरला वर छप्परही नाही, त्यामुळे दारांखालचे दोन सिल हाच तिचा कणा. तो कुजलेला असताना इंजिनावर पैसे घालणारे हमखास फसतात. चकचकीत इंजिन आणि भुसभुशीत सिल असलेल्या अर्धवट गाड्या दर आठवड्याला विकायला निघतात, त्या या उलट्या क्रमामुळेच.

१. गाडी बघायला जाताना

सोबत लोहचुंबक, टॉर्च, जाड स्क्रूड्रायव्हर आणि मळले तरी चालतील असे कपडे घ्या. या जागा बघितल्याशिवाय भावाचं बोलू नका:

- दाराखालचे सिल आणि पुढच्या चाकामागे असलेलं त्यांचं टोक. चाकामागे आतल्या बाजूला चिखल अडवणारी पत्र्याची ढाल असते. तिच्या कडेचं रबर गेलं की ओला चिखल आत साठतो आणि दाराच्या बिजागरीचा खांब खालून कुजतो.
- दाराच्या मागे, मागच्या चाकाच्या पुढे असलेला वाकडा तुकडा. याला तिथे ‘डॉगलेग’ म्हणतात. लांबी (पुट्टी) भरून तो गुळगुळीत केलेला असतो. चुंबक टेकवा, चिकटला नाही तर खाली पत्रा नाही.
- सीटमागचं झाकण उघडून बॅटरीचे खण. १९७४ पर्यंत इथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसत. सांडलेल्या ॲसिडाने खणांचा तळ जातो आणि शेजारीच मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे आधार असतात.
- पेट्रोल टाकीची वरची बाजू. डिकीच्या तळाला ती खेटून असते, तिथे ओल राहते. खालून टाकी ठणठणीत दिसते आणि पूर्ण भरली की वास सुटतो.

आता खरी परीक्षा. मालकाच्या परवानगीने सिलखालच्या जॅकच्या जागेवर जॅक लावा आणि हळूच उचला. दाराच्या मागच्या कडेची फट डोळ्यांदेखत बदलायला लागली, किंवा दार उघडताना अडकलं, की सिलमध्ये जीव उरलेला नाही. जॅकच आत घुसायला लागला तर लगेच थांबा. तेही उत्तरच आहे.

आणखी एक फसवणूक ओळखायला शिका. कुजलेला सिल न काढता त्यावर नवा पत्रा चढवून कडेने वेल्डिंग मारतात. वरून झकास दिसतं, आतला गंज दुप्पट वेगाने पसरतो. आडवं पडून सिलची खालची कड बघा. थर मोजता येतात. जास्तीचा थर आणि काळ्या डांबरी लेपाचा जाड थापा दिसला तर गाडी ‘पूर्ण पत्राकाम बाकी’ याच भावाने मागा.

वर्ष निवडायला वाव असेल तर १९६७ च्या शेवटापासून १९७४ पर्यंतची, क्रोम बंपरची गाडी घ्या. या काळात चारही गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खरखरता पडायची सोय), डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं ऋण टोक बॉडीला) आलं. त्यानंतरच्या काळ्या रबर बंपरच्या गाड्या अमेरिकी नियमांसाठी उंच केलेल्या आहेत. त्या स्वस्त मिळतात आणि वळणावर जास्त झुकतात. जीटी म्हणजे हीच गाडी, पण कायमच्या छपराची. त्या छपरामुळे तिच्यात सिलचं काम थोडं कमी जोखमीचं असतं.

२. कागदपत्रं

- व्ही५सी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक. त्यावरचा चासी नंबर आणि गाडीवरच्या पट्टीचा नंबर जुळलाच पाहिजे. इंजिन किंवा रंग बदलला तर ते डीव्हीएलएला, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला, कळवायचं.
- काम चालू असताना गाडी रस्त्यावर येणार नसेल तर ‘सॉर्न’, म्हणजे ‘गाडी रस्त्यावर नाही’ असं, डीव्हीएलएकडे जाहीर करा. नाही तर विमा नाही म्हणून दंडाचं पत्र येतं.
- ४० वर्षांपुढच्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ वर्गात रोड टॅक्स शून्य असतो, पण तो आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो आणि दर वर्षी शून्याचाच टॅक्स ‘भरावा’ही लागतो.
- एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला सुरक्षित आहे का याची दरवर्षीची तपासणी, तिच्यातूनही ४० वर्षांनंतर सूट आहे, पण गेल्या ३० वर्षांत मोठा बदल केलेला नसला तरच. सूट असली तरी काम संपल्यावर एकदा मुद्दाम एमओटी करून घ्या. ब्रेकचा जोर दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हे घरच्या गॅरेजमध्ये कळत नाही.
- गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून त्या गाडीच्या जन्माचा दाखला मिळतो. त्यात मूळ रंग, इंजिन नंबर आणि ती कुठल्या देशासाठी बनली होती हे असतं. रंग ठरवायच्या आधी मागवा.

भारतात असे काम करणाऱ्यांसाठी: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली खासगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. म्हणजे खाली आठव्या पायरीत दिलेले मोठे बदल तिथे करूच नका.

३. हत्यारं

सगळ्यात आधी पाने. एमजीबीचे बहुतेक नट यूएनएफ आट्यांचे, म्हणजे इंची आहेत: ७/१६, १/२, ९/१६. घरातला १३ चा पाना १/२ इंचाच्या नटावर ‘बसतो’, आणि तिसऱ्या झटक्याला नटाचे कोपरे गोल करतो. इंची पान्यांचा एक चांगला संच घ्या, त्यात कंजुषी नको.

याशिवाय:

- मिग वेल्डिंग मशीन, ०.६ मिमी तार, ५% कार्बन डायऑक्साइड मिसळलेला आर्गॉन
- ग्राइंडर आणि १ मिमीच्या कटिंग डिस्क, स्पॉट वेल्ड कापायचा ८ मिमी कटर
- वेल्डिंगच्या पकडी, निदान दहा. दहा घेतल्या की बारा लागतात
- किमान २ टनांच्या चार घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), दोन जॅक, इंजिन उचलायचा घोडा
- टॉर्क रेंच, फीलर गेज, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर
- २५ मिमीचे चौकोनी लोखंडी पाइप, साधारण ८ मीटर
- अग्निशामक, एक नव्हे दोन

४. उलगडणं

हर भागाचा उलगडण्याआधी फोटो, उलगडताना फोटो, आणि त्याचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत. पिशवीवर ‘डावी बाजू, दाराची बिजागरी, वरची’ असं लिहा. नुसतं ‘दार’ लिहिलेली पिशवी आठ महिन्यांनी काहीही सांगत नाही. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशीच भेदक तेल मारा. तरी हलत नसेल तर ताकद लावण्याआधी तापवा, अर्थात टाकी आणि नळ्या लांब असतील तरच.

नवखे इथे मोठी चूक करतात: उत्साहाच्या भरात सगळं काढून गाडीचा नुसता सांगाडा करतात. दारं आणि त्यांच्या बिजागऱ्या सिलचं काम संपेपर्यंत गाडीवरच राहू द्या. दार हीच तुमची मोजपट्टी आहे.

पुढचे मडगार्ड बोल्टांनी बसतात, ते काढावेच लागतात, कारण सिलचं पुढचं टोक त्यांच्यामागे लपलेलं असतं. दोन बोल्ट डॅशबोर्डच्या आतून, पाय ठेवायच्या जागेत उताणं पडून काढावे लागतात. ते विसरून मडगार्ड ओढला तर कड फाटते.

५. सिल

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

सिल म्हणजे एक पत्रा नव्हे, ती पेटी आहे. बाहेर दिसतो तो बाहेरचा सिल, आत उभा पडदा, त्याच्या आत केबिनच्या बाजूचा आतला सिल, आणि तळाला किल्ल्याच्या तटासारखे खाचे असलेली पट्टी, जिला ‘कॅसल रेल’ म्हणतात. चारही मिळून ताकद देतात. बाहेरचा बदलून आतलं कुजकं ठेवणं म्हणजे वाळवी लागलेल्या दरवाज्याला नवा रंग.

आधी गाडी समतल जमिनीवर आणा. पुढे क्रॉसमेंबरजवळच्या (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या आडव्या तुळईजवळच्या) दांड्यांखाली आणि मागे ॲक्सलखाली घोड्या लावा, म्हणजे चाकांवर उभी असताना बॉडी जशी असते तशीच राहील. पाणसळ आडवी आणि उभी, दोन्हीकडे लावून बघा. गाडी मध्येच लोंबकळत असेल आणि तुम्ही सिल कापला, तर ती केळ्यासारखी वाकते आणि त्याच आकारात वेल्ड होते. त्यानंतर दार कधीच नीट लागत नाही.

मग दोन्ही दारांच्या फटी मोजा: मागच्या कडेला वर, मध्ये, खाली, आणि पुढच्या कडेलाही. आकडे चिकटपट्टीवर लिहून तिथेच चिकटवा. सगळीकडे सारखी ४-५ मिमी फट मिळाली तर उत्तम.

आता पाइपांचा आधार. बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत दोन उंचींवर एकेक पाइप, एक तिरका, आणि डाव्या-उजव्या खांबांना जोडणारा एक आडवा. हे पाइप केबिनच्या आतल्या बाजूने लावा, म्हणजे दार बंद-उघड करता येईल. बाहेरून लावले तर मोजपट्टीच हातातून गेली.

एका वेळी एकच बाजू. डावी पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्याशिवाय उजवीला ग्राइंडर लावायचा नाही.

कापताना घाई नको. बाहेरचा सिल कडेपासून साधारण २ सेमी आत कापून मधला भाग काढा, मग उरलेल्या पट्टीवरचे स्पॉट वेल्ड एकेक करून कटरने सोडवा. सिलचं मागचं टोक मागच्या पत्र्याच्या आत जातं, म्हणून डॉगलेगचा खालचा भागही कापावा लागतो. तिथे नवा तुकडा येणारच असतो. आत साठलेला तपकिरी चुरा आणि चिखल घमेलंभर निघाला तरी दचकू नका.

आतले भाग तपासून आधी कॅसल रेल, मग उभा पडदा, शेवटी बाहेरचा सिल असा क्रम ठेवा. प्रत्येक टप्प्यावर भाग आधी नुसत्या पकडींनी धरा, दार लावा, मडगार्ड टेकवा, फटी पुन्हा मोजा. विकत मिळणारे नवे भाग अगदी जुळतील असं गृहीत धरू नका, २-३ मिमी इकडेतिकडे होतंच. फट जुळली तरच ठिपके मारा, ठिपक्यांनंतर पुन्हा दार लावून बघा, मगच पूर्ण वेल्ड.

कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या जागी वरच्या पत्र्याला ६ मिमीची छिद्रं पाडून ती वेल्डने भरायची, दर ३० मिमीला एक. जिथे वेल्ड बसणार तिथे कोरं चकचकीत लोखंड हवं, आणि एकावर एक येणाऱ्या कडांना वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर. बाहेरचा पत्रा साधारण ०.९ मिमीचाच असतो, त्यामुळे लांबलचक रेघ ओढली की तो तापून डोंगर-दऱ्या होतात. एक ठिपका पुढे, पुढचा अर्धा मीटर मागे, असं उड्या मारत जा आणि हाताला गार लागल्यावरच त्याच जागी परत या.

गॅस वेल्डिंगने हे काम करून देतो म्हणणारे आपल्याकडे अजून भेटतात. इतक्या पातळ पत्र्यावर त्याची उष्णता फार पसरते, नाही म्हणा.

आधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यांवर सराव करा. दोन पट्ट्या जोडून व्हाइसमध्ये पिरगाळा. वेल्ड सुटला तर करंट कमी पडतोय. पत्रा फाटून वेल्डची गोळी दुसऱ्या पट्टीला चिकटून राहिली तर जमलं.

आगीचं: बॅटरी काढलेली, पेट्रोल टाकी गाडीबाहेर नेलेली, जवळचं डांबरी लेपण खरवडलेलं आणि गालिचे बाहेर. काम थांबवल्यावर तासभर तिथेच राहा, सीटखालचा नमदा सावकाश पेटतो. झिंक लावलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर घेऊ नका.

६. गंज आणि रंग

लहान भागांसाठी धुण्याचा सोडा उत्तम. प्लास्टिकच्या पिंपात दर ५ लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा, १२ व्होल्टच्या चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पत्र्याला. दुसऱ्या दिवशी गंज काळ्या चिखलासारखा ब्रशने निघतो. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो.

कोऱ्या लोखंडावर लगेच इपॉक्सी प्रायमर, लांबी त्यावर. लांबी पाणी शोषते, म्हणून उलट क्रमाने केलं तर दोन हिवाळ्यांत फोड येतात. जोडांना सीलर. टू-पॅक, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं, त्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा येणारा लागतो. ती सोय नसेल तर रंग व्यावसायिकाकडून मारून घ्या आणि घासकाम स्वतः करा. मजुरीचा मोठा वाटा घासण्यातच असतो.

रंग वाळल्यावर सिल, दारं आणि डॉगलेगच्या आत पोकळीसाठीचं मेण फवारा. वेल्डिंगच्या आधी मारलं तर ते पेटतं. दारांच्या खालची पाणी निघायची भोकं मेणाने बुजली नाहीत ना, ते तारेने टोचून बघा.

७. ब्रेक, इंजिन, वायरिंग

ब्रेकमध्ये जुनं वाचवायचा विचारच नको. पुढच्या कॅलिपरची सीलं, मागचे व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी नळ्या आणि सगळी पाइपलाइन नवी घाला. रबरी नळी बाहेरून छान दिसते आणि आतून सुजते, मग पाय काढला तरी ब्रेक धरून राहतो. नळ्या तांबं-निकेल मिश्रधातूच्या, ३/१६ इंची. ब्रेक ऑइल डॉट ४. ते नव्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

तारांची चाकं असतील तर डाव्या-उजव्या हबचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. ॲक्सल जोडताना अदलाबदल झाली तर मधला नट धावताना घट्ट होण्याऐवजी सुटतो.

१७९८ सीसीचं इंजिन जाम असेल तर स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं ओता, आठवडाभर थांबा, मगच हळू फिरवून बघा. फिरायला लागलं की कॉम्प्रेशन तपासा. १५०-१६० पीएसआय छान, पण आकड्यापेक्षा चारींमधला फरक १०% च्या आत असणं महत्त्वाचं. इंजिन बाहेर काढलंच असेल तर क्लच बदलाच. त्याचं रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं, आणि ते झिजलं की इंजिन-गिअरबॉक्स पुन्हा एकत्र बाहेर.

व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच. कुठला व्हॉल्व्ह कधी, यासाठी नऊची बेरीज: आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट लावा, सहावा उघडा तेव्हा तिसऱ्याची. हेडचे नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटी ५० फूट-पाउंड.

नवी कॅमशाफ्ट घातली असेल तर पहिल्यांदा चालू होताच २,००० ते २,५०० आरपीएमवर वीस मिनिटं ठेवा, आयडलवर सोडू नका. टॅपेटला तेल उडूनच मिळतं. कमी वेगात ते पुरत नाही आणि कॅम पहिल्याच दिवशी घासला जातो. तेल २०डब्ल्यू-५०, झिंक असलेलं, साधारण सव्वाचार लिटर.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० आहे. इथेनॉल जुन्या रबराला खातं. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या आणि शक्य तर ‘सुपर’ भरा, त्यात बहुधा इथेनॉल कमी असतं. किल्ली फिरवल्यावर मागून पंपाची टिकटिक येते आणि काही सेकंदांत थांबते. थांबलीच नाही तर कुठे तरी गळती आहे, किंवा टाकी रिकामी.

दोन एसयू कार्ब्युरेटर जुळवायचे तर मिश्रणाची खूण अशी: एकाचा पिस्टन जेमतेम १ मिमी उचला. वेग किंचित वाढून स्थिरावला तर बरोबर. वाढतच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडायला लागलं तर कमी.

वायरिंगमध्ये एकच सापळा सांगतो, कारण त्याने हार्नेस जळतात. जुन्या ल्युकास फ्यूजवर ‘३५’ लिहिलेलं असतं. तो वितळण्याचा आकडा आहे, सतत पेलायचा सुमारे १७ अँपिअर. आजच्या पद्धतीचा ३५ चा फ्यूज लावला तर फ्यूजच्या आधी तार पेटते.

८. बदल: कुठले करावेत, कुठले नकोत

खर्चाच्या मानाने सगळ्यात फायदेशीर बदल ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात असताना इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर. गाडीत नसेल तर ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स शोधून घाला, मोटरवेवर इंजिनाचा आक्रोश थांबतो. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक इग्निशन (जुने प्लॅटिन पॉइंट एका पिशवीत डिकीत ठेवा, वाटेत मॉड्यूल गेलं तर तेच घरी आणतात), हेडलाइटसाठी रिले, आणि इनर्शिया सीटबेल्ट (आपोआप गुंडाळले जाणारे).

सस्पेन्शनमध्ये पुढचा अँटी-रोल बार थोडा जाड आणि नवे बुश, एवढ्याने रबर बंपरवालीही सरळ वागते. चारही बाजूंनी गाडी खाली पाडू नका. सायलेन्सर आधीच रस्त्याला टेकायला आलेला असतो.

इंजिनात मोकळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि मोठे एअर फिल्टर घालायचे तर कार्ब्युरेटरच्या सुयाही बदला. नाही तर मिश्रण पातळ होऊन व्हॉल्व्ह जळतात. मूळ ९५ अश्वशक्तीला तेवढ्याने बरा जीव येतो. साडेतीन लिटरचा रोव्हर व्ही८ बसतो, कारखान्यानेच १९७३ ते १९७६ मध्ये जीटीत बसवला होता. पण त्यासोबत ब्रेक, ॲक्सल आणि थंड करण्याची सोय सगळंच बदलतं, आणि सिलिंडरांची संख्या बदलली की एमओटी सूट धोक्यात येऊ शकते. पहिल्या गाडीवर हे करू नका. कुठलाही बदल विमा कंपनीला लेखी कळवा आणि ठरलेल्या किमतीचा विमा मागा.

९. पहिले पाचशे मैल

५० मैलांनी चाकांचे नट, ३०० मैलांनी व्हॉल्व्हच्या फटी. प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. थेंब कुठल्या जागी पडतो त्यावरून गळती शोधणं सोपं जातं.

पुढच्या किंगपिनला (ज्या खुंट्याभोवती चाक वळतं त्याला) दोन्ही बाजूंना तीन-तीन ग्रीस निपल आहेत. दर ३,००० मैलांनी पुढची चाकं उचलून, स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवत ग्रीस मारा. कडेने काळं जुनं ग्रीस येत राहतं. ते पूर्ण संपून नव्याचा रंग दिसेपर्यंत गन थांबवायची नाही.